थांबलेला आणि अडलेला

३ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद, आणि तुझ्या त्या यंत्रालाही चार.

वि. वि. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण घर दोन खोल्यांचं, आणि अर्धांगाच्या झटक्यात ह्यांची जीभ गेली असली तरी कान शाबूत आहेत. ह्यांच्याबद्दल ह्यांच्यादेखत बोलणं मला जमत नाही.

तू केलेला प्रोग्रॅम सुरू झाला. हे डाव्या हाताच्या बोटाने टॅबलेटवर अक्षरं दाबतात आणि यंत्र ते वाक्य मोठ्याने बोलतं. इतक्या महिन्यांनी ह्यांचं म्हणणं घरात ऐकू आलं. मी जरा रडले आणि कामाला लागले. पण दोन तक्रारी आहेत. बोट थरथरतं, त्यामुळे पाण्याचं बटण दाबलं की यंत्र पाणी, पाणी, पाणी असा धोशा लावतं. परवा शेजारीण आग लागली समजून बादली घेऊन धावत आली. दुसरं, आवाज बाईचा आहे, तोही बातम्या देणाऱ्या. काल तिने मला चष्मा कुठे ठेवलास म्हणून दरडावलं, तेव्हा परक्या बाईला उत्तर द्यावं की नाही, कळेना.

हे मजेत आहेत. सूनबाई दिवसभर स्वतःच्याच चुका शोधते आणि वर त्याचा पगार घेते, असं यंत्राकडून वदवून घेतलं.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते आवाज बदलल्यावर ठरवू.

तुझी,
आई

९ फेब्रुवारी

ती. आईंना सा. न.

वि. वि. बाबांना सांगा, पगार चुका करण्याचा मिळतो. शोधणं पदरचं.

एकदा बटण दाबलं की पुढचा क्षणभर त्याच बटणाकडे काणाडोळा करायला यंत्राला शिकवलं आहे. आवाज पुरुषाचा बसवला. जरा रागीट आहे, बाबांना शोभेल. तुम्ही बादलीसकट सगळं लिहिलंत म्हणून चूक लगेच सापडली. ऑफिसात लोक नुसतं चालत नाही म्हणून सांगतात आणि काय चालत नाही हे शोधण्यात माझा दिवस जातो. तुम्ही मात्र असंच कळवत जा: काय दाबलं, काय झालं, आणि काय व्हायला हवं होतं.

एक नवीन सोय केली आहे. एकेक अक्षर शोधताना बाबांची होणारी दमछाक मला बघवेना. आता ते एखादा शब्द लिहून थांबले की यंत्र पुढचं वाक्य सुचवेल, आणि काचेवर कुठेही बोट टेकवलं की ते बोलून टाकेल. माझ्या टेबलावर करून पाहिलं, झकास चालतं. तुमचे चिरंजीव म्हणतात, माझी वाक्यं लवकर संपवणारं एखादं यंत्र त्यांनाही हवं आहे.

आवाज बदलला आहे, तेव्हा लोभाचं बघा.

आपली,
सून

२१ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

वि. वि. तू म्हणतेस त्याच क्रमाने सांगते.

रविवारी ह्यांचा मित्र आला होता, नाटक कंपनीतला नट. तुला ठाऊक आहे, उभी हयात तो रंगमंचावर बोलला आणि हे विंगेत संहिता घेऊन उभे राहिले, तो अडला तर शब्द पुरवायला. त्याने विचारलं, कसा आहेस. ह्यांनी ‘मला’ एवढं लिहिलं आणि थांबले. यंत्राने ‘मला आता बरं वाटतंय’ असं सुचवलं, थरथरतं बोट काचेला टेकलं, आणि त्या रागीट आवाजाने ते ठणकावून सांगितलं. मित्राला फार आनंद झाला. मग काळजी नाही, आता सवडीने येईन म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून उठला. हे जोरजोरात मान हलवत होते. त्याला तो निरोप वाटला.

काय व्हायला हवं होतं, ते मला माहीत नाही. विचारलं तर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. टॅबलेट पालथा पडला आहे. घरात पुन्हा माझ्या एकटीचाच आवाज असतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, असेच मिटून राहिले तर उरलेला हातही हळूहळू काम सोडेल.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. पण काहीतरी कर.

लोभ तोच आहे, त्याला हात लावलेला नाही.

तुझी,
आई

२६ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

वि. वि. आईंचं पत्र वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ते सुचवणं मुळासकट काढून टाकावं आणि माफी मागून मोकळं व्हावं. ऑफिसातल्या आमच्या थोरल्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ज्यांच्यासाठी केलंस त्यांना आधी विचारलं होतंस का. विचारलं नव्हतं. तुमचं थांबणं मला प्रोग्रॅममधला दोष वाटला आणि मी तो दुरुस्त करून टाकला. माझ्या टेबलावर सगळं सुरळीत चाललं, कारण तिथे लिहिणारी मी होते आणि मला खरंच बरं वाटत होतं.

बाबा, दुसऱ्याला शब्द कधी पुरवायचा आणि कधी गप्प राहायचं, हे विंगेत उभं असताना तुम्हाला कसं कळायचं? मला कोणी हे शिकवलेलं नाही. सुचवणं तूर्त बंद केलं आहे. टॅबलेट सुलटा केलात तर आता त्यावर फक्त अक्षरं आहेत. तुम्हाला हवा तेवढा वेळ ती थांबतील, आणि मीही.

लोभ कमी झाला असेल तर तसंही स्पष्ट लिहा.

आपली,
सून

१० मार्च

चि. सूनबाई, आशीर्वाद.

हे पत्र लिहायला बरेच दिवस लागले. मध्ये कोणी बोललं नाही. बरं वाटलं. हे मी लिहितो आहे.

नट दोन कारणांनी गप्प होतो. वाक्य आठवत नाही म्हणून. किंवा वाक्य आठवतं, पण जड असतं म्हणून. पहिल्याला शब्द द्यायचा. दुसऱ्याला दिला तर प्रवेश मेला.

अडलेला नट विंगेकडे बघतो. थांबलेला समोर बघतो. एवढंच. तुझ्या यंत्राला माझे डोळे दिसत नाहीत. तेव्हा कोपऱ्यात एक बटण दे, चुकून बोट जाणार नाही असं. त्यावर विंग असं लिही. मी दाबलं तरच सुचव. आख्खं वाक्य नको. एक शब्द पुरे. पुढचं नट बघून घेतो.

यंत्रात एकही शिवी नाही. दोनचार घाल. सासूला सांगू नकोस.

तुझ्यावर रागावलो नव्हतो. त्या वाक्यावर रागावलो होतो.

लोभ आहे. विंग न बघता लिहिलं.

बाबा

२३ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

वि. वि. शिव्या मला सापडल्या. असो.

विंगेचं बटण उत्तम. हे दिवसातून एखाददुसऱ्या वेळीच दाबतात, पण ते आहे म्हणून निर्धास्त असतात. काल मीच मित्राला बोलावून घेतलं. आल्या आल्या त्याने विचारलं, कसा आहेस. ह्यांनी ‘मला’ लिहिलं आणि थांबले. समोर बघत होते. मी दारात जीव मुठीत धरून उभी. मित्र पडला नाटकवाला, त्याला रिकामी जागा सोसत नाही. बरं वाटतंय ना, असं काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोच ह्यांनी बोट वर केलं. मग एकेक अक्षर दाबत ह्यांनी वाक्य पुरं केलं. मला भीती वाटते, तू येत जा, असं यंत्र म्हणालं.

हयातभर ज्याच्या तोंडी प्रत्येक प्रसंगाला वाक्य होतं, त्या माणसाला काही सुचेना. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ओळखलं, गडी अडला आहे. बोट चाललं, आणि यंत्राने त्या रागीट आवाजात त्याला सांगितलं, उद्या येतो म्हण.

तो तसं म्हणाला. डोळे पुसून पुन्हा एकदा म्हणाला.

आज दुपारीच आला. दोघं पलीकडच्या खोलीत बसले आहेत. बराच वेळ झाला, आतून काहीच ऐकू येत नाही. मी डोकावले नाही.

चिरंजीवांना आशीर्वाद. लोभ वाढला आहे, सांभाळून ठेव.

तुझी,
आई