लांबच्या तिकिटाचा मान

इंदापूर,
२३ नोव्हेंबर १९९६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघी खुशाल आहोत. थंडी पडायला लागलीय. शाळेत मुली डोक्यावरून शाल घेऊन बसतात आणि कोण ऐकतंय नि कोण झोपलंय ते मला कळत नाही. आईचे गुडघे सोडले तर तिची तब्येत चांगली. हल्ली ती कमी बोलते, पण तिच्या वाटणीचं मी बोलते, तेव्हा काळजी नको.

मागच्याच रविवारी फोन झाला आणि आज लगेच पत्र कसं, असं तुला वाटेल. सांगते. येत्या जानेवारीत आपलं टपाल तिकिटांचं प्रदर्शन पंचविसाव्यांदा भरतंय. एक वर्ष बारामतीला, एक वर्ष इंदापूरला. यंदा आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. त्याची स्मरणिका निघणार आहे आणि प्रदर्शनाचा इतिहास लिहायचं काम केशवरावांनी, आपल्या जुन्या पोस्टमास्तरांनी, माझ्या गळ्यात घातलंय. मराठी शिकवते म्हणजे हिला लिहिताही येत असणार, असा त्यांचा भाबडा समज. तू प्रदर्शनाला आलास त्याला कितीतरी वर्षं झाली, म्हणून कच्चा मजकूर तुझ्यावरच तपासून बघते. तू कंटाळलास तर बाकीचेही कंटाळणार, हे ठरलेलं.

तर आपला मुख्य नियम असा की विकत घेतलेलं तिकीट चालत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या कुठल्या तरी घरी ते टपालानं आलेलं हवं. खाली चिठ्ठी लावायची: कुणाच्या घरी आलं, कुठून आलं, कोणी पाठवलं. पुण्याचे एक बडे संग्राहक एकदा आले होते. असली तिकिटं पोत्यानं मिळतात, म्हणाले. पण चिठ्ठ्या वाचत वाचत दुपारपर्यंत थांबले आणि जेवायलाही आमच्यातच बसले.

दुसरा नियम दोऱ्याचा. उद्घाटन पुढाऱ्याच्या हातून करायचं नाही. वर्षभरात ज्याच्या घरी सगळ्यांत लांबून तिकीट आलं असेल, त्यानं करायचं. त्यासाठी शाळेचा पृथ्वीगोल टेबलावर ठेवतात. त्या गोलावर बारामतीही नाही आणि इंदापूर तर नाहीच, म्हणून पुण्याच्या जरा खाली बॉलपेनचा ठिपका केलाय. तिथून सगळ्यांच्या देखत दोरा ताणायचा. तू गयानाच्या साखर कारखान्यात गेल्यापासून हा मान आईकडे आहे. काटेवाडीच्या आबासाहेबांचा पुतण्या निहार न्यू जर्सीला असतो. अमेरिकेच्या पलीकडे काही असू शकतं हे त्यांना पटतच नाही, आणि त्यांचा दोरा दर वर्षी आपल्यापेक्षा दोन बोटं कमी भरतो. "ढिला धरलाय ओ, वढा की जरा!" असं ओरडून घेतात आणि मग आईला पहिला चहा स्वतः आणून देतात.

हे सगळं तुला थोडंफार आठवत असेल. मला खाज वेगळीच होती. हे नियम आले कुठून? केशवराव म्हणाले, "असंच सुचलं." असं असंच काही सुचत नसतं. मी त्यांच्या ओसरीवर ठाण मांडलं, तेव्हा कुठं ते बोलायला लागले.

पहिलं प्रदर्शन एकाहत्तरच्या लढाईनंतर लगेचच्या जानेवारीत भरलं. तेव्हा नियम वगैरे काही नव्हते. एका व्यापाऱ्यानं विकत आणलेले भारी भारी अल्बम मांडले होते, त्यात त्रिकोणी तिकिटं, कुत्र्यांची तिकिटं, काय काय. लोक आले, बघितलं न बघितलं केलं आणि बाजाराला गेले. दुपारी कोऱ्हाळे बुद्रुकहून द्वारकाबाई नावाची बाई आली. तिचा मुलगा फौजेत. त्याचं पाकीट पदरात गुंडाळून आणलेलं. त्यावर तिकीट नव्हतंच, कारण सरहद्दीवरच्या शिपायांचं टपाल फुकट जायचं. नुसता एक गोल शिक्का. तिकिटाशिवायचं पाकीट तिकिटांच्या प्रदर्शनात कसं ठेवायचं, म्हणून मंडळींत वाद झाला. केशवरावांनी ते सरळ मधल्या टेबलावर मांडलं, आणि मग त्याच्याभोवती ही गर्दी! पुढचं वर्ष दुष्काळात गेलं, प्रदर्शन भरलं नाही. त्यानंतर भरलं तेव्हा नियम ठरला, की घरी आलेलंच तिकीट मांडायचं.

छान गोष्ट आहे. स्मरणिकेत टाकून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण तुझी बहीण किती चौकस आहे हे तुला माहीत आहे. परवा सुट्टी होती, मी एसटीनं थेट कोऱ्हाळ्याला गेले.

द्वारकाबाई आता नाहीत. त्यांचा तोच फौजी मुलगा झुंबर भेटला. पेन्शन घेऊन आलाय, ऊस आहे, दारात दोन गाई. केशवरावांची गोष्ट सांगितली तर तो हसायलाच लागला.

"आमच्या आयनं पाकीट दावाया न्हेलंच न्हवतं ओ बाई. ती इचाराया गेलती."

"काय विचारायला?"

"पाकिटावर गावाचं नाव कुठं हुतं? फौजेच्या टपालावर निसता नंबर. आयला वाटलं, सगळ्या दुनियेची तिकिटं गोळा करणारी मानसं हायती, त्यास्नी ठावं असंल. माझं लेकरू किती लांब हाय तेवढं सांगा, म्हनली."

कुणाला काय सांगता येणार! नुसता नंबर, तोही लष्कराचा. पुढचं झुंबरनं आईकडून ऐकलेलं सांगितलं. मग केशवराव आतून पृथ्वीगोल घेऊन आले, कुणाकडून तरी दोरा मागितला, त्याचं एक टोक इथं धरलं, दुसरं वर कुठंतरी टेकवलं आणि म्हणाले, "एवढा लांब." तेवढाच दोरा तोडून त्यांनी तिच्या हातात दिला.

"आय समद्यास्नी त्यो दोरा दावायची. वीतभर बी न्हाय, यील माजा झुंबर, म्हनायची," तो म्हणाला. "आन मी पठाणकोटात, दोन टायम जेवून सुखात! मास्तरांनी दोरा कुठं टेकवला हुता द्येव जानं."

मी तशीच केशवरावांकडे आले आणि विचारलं. "खोटाच टेकवला होता," म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं. पण ती समोर उभी होती आणि मोकळ्या हातानं परत पाठवणं मला जमेना." हे स्मरणिकेत लिहू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "लिहा. फार वर्षं मी एकट्यानं जपलंय ते."

दादा, मला वाटलं होतं मी एका प्रदर्शनाचा इतिहास शोधतेय. घरी येऊन लिहायला बसले तर पेन तिथंच थांबलं. समोर आई तांदूळ निवडत बसली होती, आणि माझ्या लक्षात आलं की मलाही एक गोष्ट लिहायचीच आहे, आणि ती स्मरणिकेत नाही.

इथपर्यंत मी ती टाळत आले. आता लिहिते. आईला ऐकू येत नाही.

कमी येतं असं नाही, जवळजवळ काहीच येत नाही. गेल्या वर्षीच्या त्या तापानंतर हे झालं. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून तिला सगळं कळतं, इतकं की बाहेरच्यांना शंकाही येत नाही. बारामतीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कानाचं यंत्र सुचवलं. ती नको म्हणाली आणि माझ्याकडून शब्द घेतला, की बुद्धघोषला यातलं काही कळता कामा नये. "त्यो समदं टाकून पळत यील. माझ्या कानापायी त्येचं नुसकान नगं," म्हणाली.

तू रविवारी औषधाच्या दुकानात फोन करतोस. ती धुतलेलं लुगडं नेसून वेळेच्या आधी जाऊन बसते. पण फोनला ओठ नसतात रे. तू जरा आठवून बघ, गेलं वर्षभर ती फोनवर काय काय बोलली. "व्हय, बरी हाय मी. जेवतोस न्हवं येळेवर? हितलं समदं झ्याक हाय. तुला पटंल तसं कर बाबा." दर वेळी हेच, आणि याच क्रमानं. मधे मधे थांबते, तुला बोलायला जागा म्हणून. मग रिसीव्हर माझ्याकडे देते, आणि घरी येताना तू काय म्हणालास ते मी तिला समोर उभी राहून सांगते.

मागच्या रविवारी तू तिला इंद्राणीबद्दल विचारलंस. तिच्याशी लग्न करू का, तिकडेच कायमचा राहू का. आणि आई तुला म्हणाली, "तुला पटंल तसं कर बाबा."

पुढच्या क्षणी फोन माझ्या हातात होता आणि तिला काय विचारलंस ते मला सांगत तू ओरडत होतास, "ज्योत्स्ना, आई हो म्हणाली!" तुझा इतका आनंदी आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी "हो का, छान" एवढंच म्हणू शकले. वाटेत तिनं विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, बरा आहे म्हणाला. तिला अजून काहीच माहीत नाही.

मला इंद्राणी आत्ताच आवडायला लागलीय. तिची खापरपणजी ऊस तोडायला हिंदुस्थानातून बोटीनं इतक्या लांब गेली, हे तू सांगितलंस तेव्हापासून माझ्या डोक्यात प्रश्नांची रांग लागलीय. ती काय खाते, घरात कुठली भाषा बोलते, तुझ्यावर रागावते का? माझी ना नाही. पण माझ्या होकाराला कोण विचारतंय!

मी आईला सांगून टाकू शकले असते. पण मग तिला कळेल की लेकानं एवढी मोठी गोष्ट विचारली आणि आपण न ऐकताच उत्तर दिलं. हे तिला सोसणार नाही. तुझं तूच विचार, आणि कागदावर विचार. तुझी पत्रं ती स्वतः वाचते, ओळीखाली बोट धरून, आणि त्यातला एक शब्द तिच्याकडून निसटत नाही. फोन सुरू झाल्यापासून तू पत्र लिहिलेलं नाहीस. सायकलची घंटा ऐकू येत नाही म्हणून टपालाच्या वेळी ती उंबऱ्यावर येऊन बसते. मला वाटायचं, हिला यंदाही आबासाहेबांना हरवायचंय. मी चिडवायचेसुद्धा.

फोनवर असं बोलणं बरं दिसत नाही म्हणून सविस्तर लिहितोय, असं काहीतरी लिही. माझ्या या पत्राचं नाव काढू नकोस. सोबत इंद्राणीचा फोटो पाठव.

ती नाही म्हणेल का? म्हणूही शकेल. तू तिकडे कायमचा राहणार हे वाचून ती रडेल, जेवणार नाही, आणि मला ते बघावं लागेल. काय उत्तर येईल ते मला खरंच सांगता येत नाही. पण जो होकार घेऊन तू आठवडाभर आनंदात आहेस, तो तिनं दिलेला नाही. त्याच्यावर लग्न करू नकोस, दादा.

अक्षर मोठं काढ. पाकिटावर नाव फक्त तिचं घाल, श्रीमती केसरबाई. मी ते फोडणार नाही.

आईला दिलेला शब्द मोडून,
तुझी
ज्योत्स्ना