मागच्या डाव्या पायाची नाल

वसतिगृह, खोली क्रमांक चौदा
९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुला वाकून नमस्कार. अगदी खरोखर वाकून, कारण हल्ली दिवसाचे सहा तास मी वाकलेलीच असते आणि सरळ उभं राहिलं की चुकल्यासारखं वाटतं. मामीचा गुडघा कसा आहे? मी इकडे ठणठणीत. दंड असे झालेत की दोन सदऱ्यांच्या बाह्या उसवल्या.

इतक्या वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज हे जाडजूड पाकीट! पण आज राहवतच नाहीये.

आईने सांगितलं असेल, पोरगी तंत्रशाळेत प्राण्यांचं काहीतरी शिकते. पहिल्या सहामाहीत खरंच सगळं थोडं थोडं केलं. सशाची नखं कापली. मेंढीला ढुंगणावर बसवायला शिकले; तशी बसवली की ती डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या म्हातारीसारखी गप्प होते. एका कालवडीने परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी वही खाल्ली. बाई म्हणाल्या, "उरलेली आण, तेवढ्याचे गुण देते." शेजारी वेल्डिंगचा वर्ग, पलीकडे सुतारकाम. जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगते, कोण कुठल्या वर्गाचं.

दुसऱ्या सहामाहीत एकच शाखा घ्यायची असते. मी कुठली घेतली, ते आईने तुला सांगितलं नसणार. "त्याच्यासमोर घोड्याचं नाव काढायचं नाही," असं तिने मला बजावलंय.

पण सांगतेच. मी नालबंदी शिकतेय, मामा. आणि काल मी पहिली नाल ठोकली! स्वतः भट्टीत लाल केली, स्वतः ऐरणीवर वाकवली, स्वतः बसवली!

घोडी राखाडी, पोटाने गोल, स्वभावाने आळशी. आमच्या वर्गातला सहा फुटी गडी, त्याला आम्ही खांब म्हणतो, तो तिच्या तोंडाशी दोरी धरून उभा. मी मागचा डावा पाय मांडीवर घेतला. आई गं! ती सगळा भार माझ्यावर टाकून झोपायलाच लागली. खांब म्हणाला, "तू तिला नाल बसवतेस की ती तुला?" मी हसले असते, पण दम कुठे होता? गरम नाल खुरावर टेकवली, भस्सकन पिवळा धूर निघाला, जळक्या केसांचा तो वास नाकात गेला आणि मला एकदम तुझं अंगण दिसलं. हात थांबला. सर मागून म्हणाले, "काय झालं? घाबरलीस?" म्हटलं, "नाही सर, धूर गेला डोळ्यात."

मग खिळे. सहा. सर सांगतात, खुराची भिंत बोटाच्या पेराएवढीही जाड नाही. खिळा तिच्यातूनच तिरपा जाऊन बाहेर यायला हवा. आत वळला तर जिवंत भागात घुसतो, घोडा पाय झाडतो, आणि नालबंदाची यापेक्षा मोठी चूक नाही. माझे सहाच्या सहा बाहेर निघाले. टोकं मोडली, वळवली, कानस फिरवली. सरांनी घोडीला चालवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "चालते." मामा, मी वर्कशॉपच्या मागे जाऊन उड्या मारल्या! वेल्डिंगच्या पोरांनी तोंडावरच्या काळ्या काचा वर करून पाहिलं, पाहू देत.

आणि उड्या मारता मारता रडायलाच आलं.

हे पत्र मला त्यासाठी लिहायचं होतं. तीन पानं झाली तरी मी धूर आणि मेंढ्याच सांगत बसले.

तो दिवस. मी अकरा वर्षांची. तू म्हणाला होतास, "घरात बस, ही घोडी नवी आहे." मी बसले नाही. अंगणाच्या बुटक्या भिंतीआड लपले. तू मागच्या पायाशी वाकून खिळा ठोकत होतास, तुला मी दिसत नव्हते. तिचे कान मला फार आवडले होते. एक लांब काडी घेतली आणि तिच्या कानात घातली. गंमत म्हणून. तिने अंग फेकलं, पाय झाडला, आणि तुझा हात खुराखाली फरशीवर आला.

मी पळाले. पलंगाखाली जाऊन बसले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, मी झोपले होते. तुझी दोन बोटं गेली, घोडीला लाथाळ ठरवून मालकाने विकली, तू भट्टी मोडून गोदामाच्या फाटकावर पहारा करायला लागलास, आणि मी गप्पच राहिले. सुट्टीत तुझ्याकडे यायला कारणं काढून टाळलं, तेही याचसाठी.

घोडी वाईट नव्हती, मामा. मी होते.

आता तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही. उत्तरसुद्धा नाही. पण पहिली नाल ठोकली, हे तुझ्याआधी आईलाही सांगितलं नाही.

जिला तू घरात बसायला सांगितलं होतंस, ती
तुझी भाची


१५ नोव्हेंबर

चि. पोरी,

अक्षराला हसू नकोस, तीन बोटांचं आहे.

तुझं पत्र सकाळी वाचलं. पाकीट फळीवर टाकलं आणि कामावर गेलो. राग आला होता, खोटं कशाला सांगू? संध्याकाळी पुन्हा वाचलं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे तुमचा खिळा चुकला नव्हता."

मग मात्र मी खाली बसलो.

तुला कोणी सांगितलं नाही, कारण मामीशिवाय मी कोणाला सांगितलंच नव्हतं. बोटांमुळे भट्टी मोडली, हे लोकांसाठी. तीन बोटांनीही मी हातोडी धरली असती. मला वाटत होतं, त्या दिवशी माझा खिळा जिवंत भागात गेला. वीस वर्षं हे काम करून एका मुक्या जनावराला दुखवलं, म्हणून पाय हातात घ्यायची छातीच होईना. दवाखान्यातून येईपर्यंत घोडी गेली होती, खूर बघायला मिळाला नाही. नऊ वर्षं तो एकच ठोका मनात मोजतोय.

तू तेव्हाच बोलली असतीस तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि पुढच्या महिन्यात भट्टी पेटवली असती. हे लिहितो, कारण तुला कळायला हवं. हा विषय पुन्हा काढणार नाही.

आता कामाचं. टोकं एका उंचीवर, एका ओळीत आली का, ते तू लिहिलं नाहीस. नुसतं "चालते" पुरत नाही, चार दिवसांनी काय होतं ते बघायचं असतं. शनिवारी फाटकावर सुट्टी टाकली आहे. तुझ्या सरांना सांग, माणूस येतोय, घोडी बाहेर काढून ठेवा. खूर मी स्वतः उचलून बघणार. दोरी खांबाला धरू दे, तू माझ्या शेजारी उभी राहा.

आईला मी सांगतो, तू घाबरू नकोस.

तुझा मामा,
नालबंद