धोबिणीची भूमिका

लातूर

मंजुश्री,

हे चौथं पत्र लिहून राहिलो. आधीची तीन फाडून टाकली.

भूकंपानंतरची दहा वर्षं मी अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या कहाण्या मराठवाड्यात नाटकांतून मांडल्या. रंगावरून माणसाची किंमत करू नका, अशी प्रत्येक प्रयोगाआधी तकरीर ठोकली. आणि यंदा तिकडच्याच एका काळ्या धोबिणीची मुख्य भूमिका गोऱ्यापान अर्शीला दिली, तिच्या तोंडाला काळा रंग फासला. तुला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं. तुझ्याच कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये, बॅच सुटल्यावर आपल्या तालमी व्हायच्या. पूर्ण नाटक पाठ होतं ते फक्त तुला.

परवा नांदेडला दिव्यांच्या गरमीनं अर्शीचा रंग पांढऱ्या एप्रनवर ओघळला. लोक खो खो हसले. ती वाक्यं विसरली. तू आतून एक सांगितलंस, मग दुसरं, मग थांबलीच न्हाईस. हसणारे गप झाले. पडदा पडेपर्यंत सगळे विंगेकडंच कान लावून बसले.

मी म्हटलं, "मंजू, तू इज्जत राखलीस."

तू स्क्रिप्ट माझ्या हातात दिलीस. "सर, काळी बाईच पायजे होती ना? मी तर रोज समोरच बसत होते." आणि आमच्यासंगं लातूरला न येता उदगीरच्या गाडीत बसलीस.

खरं सांगू? तू स्टेजवर बरी दिसणार न्हाईस, असं वाटलं होतं. मला!

रविवारी लातूरला प्रयोग हाय. मी माफी मागून राहिलो की नायिका शोधून राहिलो, माझं मलाच कळंना. ते कळेपर्यंत हेही धाडणार न्हाई.

तुझा सर म्हणवून घ्यायला कचरणारा,
हनीफ