खाटेवरून डोंगर चढणारी हौसाआक्का

प्रिय हौसाआक्का,

आज भाडेकरू पोरांचा गिझर बिघडला म्हणून दोन मजले चढून गेले. वर पोचल्यावर लक्षात आलं, मध्ये कुठे टेकलेच नाही! हे पहिलं तुला सांगायचं होतं. तू नाहीस, म्हणून लिहितेय.

आठवतं, डायलिसिसला तुझ्या शेजारच्या खाटेवर मी पहिल्यांदा आले ते? मी माण गावची, खोल्या भाड्याने देऊन घरात बसलेली. तू डोंगरापलीकडच्या रिहे गावची, जन्मभर मेंढरांमागे चाललेली. झोप मात्र दोघींचीही उडालेली. डॉक्टरांनी संध्याकाळी घ्यायची मेलाटोनिनची गोळी दिली, आणि मशीन चालू असताना मारायला खाटेच्या पायथ्याशी पेडल बसवलं.

केवढी भडकलीस तू! "गुंगीची गोळी? मला मेंढरं राखायची हायेत!"

"आक्का, अंधार पडला की आपलं शरीरच हे झोपेचं द्रव्य तयार करतं," डॉक्टर म्हणाले. "किडनीच्या आजारात ते कमी पडतं. घेऊन बघा. गुण नाही आला तर बंद करू."

"मंग आधी आसं सांगावं की!"

माझी झोप जरा सुधारली. तुझी किती सुधारली, तू कधी धड सांगितलं नाहीस. पण पेडल? सुया टोचलेला हात उशीवर निश्चल आणि पाय चालूच! पहिल्या दिवशी म्हणालीस, "ही सायकल कुटंच जात न्हाई गं." आठवड्याने तूच ओरडलीस, "सिस्टर, आज डोंगर चढून कासार आंबोली गावापातूर आले!" अख्खी खोली हसली.

मी तेव्हा डायलिसिस सोडायच्या विचारात होते. "इथे पडायचं, घरी जाऊन पडायचं. हे काय जगणं आहे?" असं तुला म्हणालेही.

"मंग पडू नगं. पाय हालव."

एवढंच. ना धीर दिलास, ना डोळे पुसलेस. मी पाय हलवले.

मग तू असं का केलंस गं? मेंढ्या व्यायला झाल्या म्हणून डायलिसिसचा बुधवार चुकवलास, शुक्रवारही चुकवलास. फोनवर तुला धाप लागली होती. "सिस्टरनं इचारलं तर गावाला गेलीया म्हन. सोमवारी येते." मी तसंच सांगितलं. अंगात पाणी साठल्याची ती धाप ऐकूनही! रविवारी सकाळी तू गेल्याचा तुझ्या लेकाचा फोन आला.

राग तुझ्यावर आहे की माझ्यावर, अजून कळत नाही.

परवा तिसऱ्या खाटेवरचे गुरुजी आले नाहीत. मी सिस्टरला फोन लावायला लावला आणि हातातून घेतला. "पुतण्याची हळद आहे, उद्या येतो," गुरुजी म्हणाले. मी म्हटलं, "हळद लावून घ्या, पण आजच या." तासाभरात आले. कपाळ पिवळं, तोंड फुगलेलं. चार तास माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नाही बोलले तर नाही!

आक्का, तुला शब्द देते. शेजारची खाट रिकामी दिसली की मी बोलणार. कुणी कितीही गळ घातली, कुणी तुझ्याइतकं लाडकं असलं, तरी बोलणार.

तुझं ऐकून चुकलेली,
वैशाली