जागा नाही म्हणणारं दार

आई, आज चोवीस तारीख आहे आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र टपालात पडणार नाही हे मलाही कळतं. पण तुला विचारल्याशिवाय नाताळचं काही करायची सवय अजून सुटलेली नाही. माझी दोन लेकरं, उशिरानं झालेली, तू न पाहिलेली, आठवडाभर एकच धोशा लावून बसली आहेत: तुम्ही लहानपणी करायचात तसं आपण करू. गोष्ट मीच सांगितली, आता भोगते आहे. चांदणी लावून झाली, गव्हाण मांडून झाली, करंज्या विकतच्या आणल्या, रागावू नकोस. राहिलं आहे ते दारोदार जाणं, आणि तेच मी दरवर्षी काही ना काही सांगून टाळत आले.

सौंसरला आपल्या गल्लीत नाताळ करणारं आपलं एकच घर होतं. मोठ्या चर्चला जायचं तर छोट्या रेल्वेनं नागपूर नाहीतर छिंदवाडा गाठायचं, आणि तेही तुला दवाखान्यातल्या बाळंतपणांतून सुटी मिळाली तर. बाबा पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये. शनिवारी यायचे, डिसेंबरात येताना गव्हाणीसाठी पिशवीभर कापूस आणायचे. सण कसा करायचा हे मग तूच ठरवायचीस. नव्या कपड्यांचं तुला फारसं कौतुक नव्हतं. कपडे लक्षात राहतात आणि ज्याचा वाढदिवस तोच राहून जातो, म्हणायचीस. मी नऊ वर्षांची असेन, त्या वर्षी तू ठरवलंस की पोरींना जन्माची गोष्ट ऐकवायची नाही, चालायला लावायची. मी मरिया. धाकटी योसेफ, डोक्याला बाबांचा पंचा. दिवेलागणीला आपल्या नर्सच्या क्वार्टरमधून निघायचं, शेजारची दोन दारं वाजवायची, रात्रीपुरती जागा आहे का विचारायचं. दोन्ही घरांनी गोष्टीतल्या धर्मशाळेसारखं "जागा नाही" म्हणायचं, आणि शेवटी गोठ्यात बसून तू शुभवर्तमान वाचणार. नगरकडची तू, सगळं शिस्तीत. आठवडाभर आधी जाऊन दोन्ही घरांना त्यांचं एवढं एक वाक्य पढवून आलीस.

पहिलं दार समोरच्या आजींचं. गोठा त्यांचाच, संत्र्याचा बगीचाही. आम्ही विचारतो, आणि आजी आमच्याकडे न बघता मागे उभ्या असलेल्या तुझ्याकडे बघतात. "काऊन वं बाई, आमच्या घरी जागा नाही म्हनाचं? सात खोल्या हायेत. संत्र्याचा ढीग हाये तं सरकवून देऊ."

"आजी, खोटंखोटं म्हणायचं आहे. नाटक आहे हे."

"खोटं तं मी आनखीनच नाही म्हनत." झालं. धाकटीच्या दोन्ही हातांत संत्री, पंचा गळ्यात, आणि योसेफ तिथेच पायरीवर बसून साल काढू लागला. तू कपाळावर हात मारलास, पण हसत होतीस.

दुसरं दार मावशीचं. ती तुझ्याच दवाखान्यात आया होती, रामाकोन्याकडची, आणि पाठ केलेलं काही कधी विसरायची नाही, म्हणून तिच्यावर तुझा भरवसा होता. मावशीनं दार उघडलं, आमचं ऐकून घेतलं, तोंडही उघडलं. मग पदर तोंडाशी नेला आणि आम्हा दोघींना दंडाला धरून आत घेतलं, बुद्धाच्या तसबिरीखाली चटईवर बसवलं आणि चहा ठेवला. तू दारात उभी. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मले येते म्हनाले, बाई. लहानपनी लय आयकलं हे. विहिरीवर, लोकायच्या दारात. पन लेकरायच्या तोंडावर म्हनवून नाही राहिलं."

घरी येताना मी कुरकुरत होते, की आजींनी केलं ते केलं, मावशीनंही सगळा खेळ बिघडवला. तू मला रस्त्यातच थांबवलंस. "तिच्या तोंडी मी काय घातलं होतं, ते तुला कळायला वेळ लागेल," म्हणालीस. "मलाही आज कळलं." आणि आम्हाला घरात सोडून तशीच परत मावशीकडे गेलीस. काय बोललात तुम्ही, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

पुढच्या वर्षी तू आमचंच वाक्य बदललंस. दारं तीच, पण आता म्हणायचं, "आमच्याकडे जागा आहे, जेवायला येता का?" आणि आले की सगळे! दोन खोल्यांत बसायचं कुठे हा प्रश्न तुला आदल्या दिवसापर्यंत पडला नव्हता. आजी पलंगावर, मावशी तुझ्या हातातला पिठाचा गोळा ओढून घेऊन भाकरी थापते आहे, बाबा दाराशी पोत्यावर, आणि तू उभ्यानंच वाचते आहेस. गव्हाणीपर्यंत आलीस तेव्हा आजींनी अडवलं. "मंग त्या बाईच्या बाळंतपनाले कोन होतं?"

"कोणी नव्हतं, आजी."

"हे काही बरं नाही केलं लोकायनं. तू असती तं गेली असती."

मग तुला पुढचं वाचता येईना. पुस्तक बाबांकडे दिलंस. आई, मला त्या खोलीत परत बसायचं आहे. एवढंच पाहिजे, बाकी काही नको. पुढे तसे सात-आठ नाताळ झाले, आणि दर वेळी ताटं कमी पडली. तुझी श्रद्धा तेव्हा मला घरातल्या हवेसारखी वाटायची, ती मुद्दाम शिकून घ्यावी लागते हे मला माहीतच नव्हतं. तू गेलीस आणि माझ्याकडे नुसती रीत उरली. तीही मी नागपूरला तिसऱ्या मजल्यावर आणली आणि कपाटात ठेवल्यासारखी ठेवून दिली.

आज लेकरांनी ऐकलंच नाही. पाठवलं दोघांना समोरच्या फ्लॅटकडे, जेवायला येता का विचारायला. सात वर्षं शेजार आहे, पण जिन्यात हसण्यापलीकडे आम्ही गेलेलो नाही. लेकरांनी बेल वाजवली आणि मी आपल्या दाराच्या आड उभी राहिले. घरात चौघांपुरती भाजी, ओट्यावर पसारा, आणि परक्या माणसांशी दोन तास काय बोलायचं? तिथे उभ्या उभ्या मी प्रार्थना केली. कितीतरी वर्षांनी, अगदी डोळे मिटून, मनापासून. तू शिकवलेली नव्हे. मी म्हणाले, प्रभू, त्यांनी नाही म्हणावं.

ती लगेच ऐकली गेली. "थँक यू बेटा, पण आज नाही जमणार," आणि दार लागलं. मला हायसं वाटलं, आई. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

धाकटा बाहेरून विचारतो आहे, आता कोणाकडे जायचं, वर अजून दोन मजले आहेत. दोघं चपला घालूनच बसले आहेत. भाजी बघते असं सांगून मी स्वयंपाकघरात हे लिहीत बसले आहे. भाजी कधीच झाली.