परसात अंबाडी आली

६ जुलै
पत्ताकोबी फेकून दिली. शिजताना औषधाचा वास — फवारणीच्या पंपाला येतो तसा. बसंतीनं संसाराच्या एकतीस वर्षांत बाजारातली भाजी क्वचितच घरात आणली. मी म्हणायचो, नुसता हट्ट. उमरखेडात एकानं ‘बिनफवारणीची भाजी’ अशी पाटी लावली आहे. भाव दुप्पट. एसटीच्या ड्रायव्हरची पेन्शन त्या दुकानावरून नुसती पुढं जाते.
बसंती पुण्याला जाऊन सातवा महिना. लेकीच्या, निकिताच्या बाळंतपणाला गेली होती — दोन महिन्यांसाठी.

७ जुलै
घरामागचं तिचं परस पाहिलं. गाजरगवत कमरेएवढं. बियाणं मात्र डब्यात नीट, राखेत ठेवलेलं. चिंध्यांच्या अकरा गाठी. एकीवरही नाव नाही. तिला लिहिता येत नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आता फोनवर विचारायची लाज वाटली.
शेजारच्या इंदूबाई म्हणाल्या, पेरून टाका भाऊ, उगवलं की समजते.

९ जुलै
कंबर गेली.

२२ जुलै
उगवलं! इंदूबाईंनी एकेकाची ओळख करून दिली. ही अंबाडी, ही बरबटी, म्हणजे चवळी, ही दोडकी. एका वाफ्यापाशी थांबल्या — “हे गवत होय भाऊ. याले कायले पाणी देऊन राह्यले?”

३ ऑगस्ट
फोनवर सरळ विचारलं, कधी येतेस. मागं नात रडत होती. मग म्हणाली —
“माही वाट पाह्यता, का माह्या भाकरीची?”
तिनं फोन निकिताकडे दिला. निकिता पावसापाण्याचं बोलत राहिली.

४ ऑगस्ट
सकाळी राग होता. दुपारनंतर राहिला नाही.
मुक्कामाची गाडी करून यायचो, तर ताट वाढलेलं असायचं. भाजी कोणती, कुठून आली, कधी विचारलं? चांगली झाली असंही कधी म्हटलं नाही. मीठ कमी पडलं तर मात्र सांगायचो.

११ ऑगस्ट
भाकर तुटली.

१२ ऑगस्ट
तुटली. कुत्र्यानं खाल्ली, तीही विचार करून.

१९ ऑगस्ट
बरबटीवर मावा. शेंड्याला काळ्या किड्यांची रांग. कृषी केंद्रातला म्हणाला, एका पंपाला औषधाचं एक झाकण, उद्या साफ. बाटली हातात घेतली होती. परत ठेवली.
इंदूबाई म्हणाल्या, बसंती सकाळी दवात चुलीची राख उडवायची. माझ्याकडे गॅस. राख मागत चार घरं फिरलो. चारही घरी तोच प्रश्न — बसंती कधी येते? राख घेतली आणि निघालो.

२ सप्टेंबर
अंबाडीची भाजी केली. ज्वारीच्या कण्या, थोडी तुरीची डाळ, वरून लसणाची फोडणी. भाकर गोल नाही झाली, पण अखंड उतरली. पहिला घास तोंडात टाकला — तीच चव, तिच्या हातची! मान वर केली तर समोर भिंत. पुढं जेवण गेलं नाही.

३ सप्टेंबर
मीच फोन केला. म्हटलं, “भाकर जमते आता मले. तरी वाट पाह्यतो.”
ती रडली बहुतेक. मग हळूहळू सांगायला लागली. मार्चपासून बिल्डिंगमधल्या तीन घरी भाकऱ्या टाकते. एका बाईला गच्चीवर कुंड्यांत मेथी, पालक लावून दिला. तो पाहून आणखी दोघींनी बोलावलं. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. बसंतीनंच नको म्हटलं होतं म्हणे.
“इथं लोक मले माह्या नावानं बोलावतेत,” ती म्हणाली. “मी आता नाही येत तिकडं.”
आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत काढता आली असती.

४ सप्टेंबर
काही लिहवत नाही.

१० सप्टेंबर
बरबटीच्या शेंगा भरल्या. टोपलीभर निघाल्या. एकट्यानं किती खायच्या? इंदूबाईंना दिल्या. त्यांनी शेंगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “तुमी काहून नाही जात?”
एकतीस वर्षं गाडी चालवली. हा रस्ता सुचला नाही.

२१ सप्टेंबर, पुणे
सकाळी सहाला पोचलो. दार तिनंच उघडलं. पदर खोचलेला, निघायच्या घाईत. कायले आले, असं विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली. म्हणाली, कामावर चालली, साडेअकराला येते, पोरगी उठली तर दूध कोमट करून द्या. लिफ्टपर्यंत जाऊन वळली.
“राह्यता ना?”
राह्यतो म्हटलं. परस इंदूबाईंना देऊन आलो आहे. कायमचं.