उसवण्यासाठी शिवलेली बाहुली

रविवार, ९ मार्च २०२५, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, नातीच्या नवव्या वाढदिवसाला, पाहुण्यांच्या हातात केकच्या बशा असताना, माझा मुलगा सर्वांसमक्ष म्हणाला, "आईचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही."

म्हणून हे मृत्युपत्र. मी, खाली सही करणारी, निवृत्त शिवणशिक्षिका, वय बहात्तर, लिहून ठेवते की माझे डोके जिथे होते तिथेच आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण त्याला कायद्याची हरकत नाही, असे वकील म्हणाले.

१. आधी हकीकत. या नातीला आम्ही खुडबुडी म्हणतो. तिने आजवर गजराचे घड्याळ, नळाची तोटी आणि बापाचे पेन खोलले, आणि सगळे भाग आकाराप्रमाणे ओळीत मांडले. अशा मुलीला नुसती नटवलेली बाहुली दिली तर ती दुसऱ्या दिवशी कपाटावर जाते. म्हणून मी साखळी टाक्याने बाहुली शिवली. सिमेंटच्या पोत्याचा दोरा ओढला की तोंड सरसर उघडते, तशी तिची प्रत्येक शिवण. पोटात दोऱ्याचे रीळ आणि लोकर ओवायची बोथट सुई ठेवली, पुन्हा शिवता यावे म्हणून.

"आजी, हिचं पोट कुठून उघडतं गं?"

"तूच शोध."

तिने शोधले. हात, पाय, डोके बशीच्या कडेने नीट मांडले. मग बापाला सुई दिसली.

"बाहुलीत सुई घातलीस, आई?" आणि पाठोपाठ वरचे वाक्य. सून म्हणाली, "अहो, हळू. लोक बघतायत." लोक बघत होते, ही तिची अडचण.

मोडतोड केली म्हणून खुडबुडीला तिच्याच वाढदिवशी आतल्या खोलीत बसवले. दुसऱ्या दिवशी मुलाने बाहुली कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून मशीनवर दुहेरी शिवण मारून पक्की करून आणली. दर शनिवारी माझ्याकडे येणारी नात तेव्हापासून आलेली नाही. सुनेचा फोन येतो, "आई, तिला जरा अभ्यास आहे हो." तिसरीतल्या मुलीला.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला वर्षभर फक्त उसवायला लावत. कापड न फाडता उसवता आले की मगच सुई हातात मिळे. माझ्या मुलाला हे पाठ आहे. त्याच विद्येच्या कमाईवर तो इंजिनियर झाला.

२. शिवणयंत्र, कात्र्या आणि बटणांचे डबे खुडबुडीला. यंत्र तिने पहिल्याच दिवशी खोलले तरी कोणी ओरडायचे नाही. तेलाची कुपी डाव्या खणात आहे.

३. बँकेतील ठेव माझ्या मुलीला. तिचा मुलगा, आमचा धसमुसळ्या, चालत नाही, आदळतो. त्याच्यासाठी कोपरांना आधीच ठिगळे लावलेला कोट शिवून ठेवला आहे. तो त्याला थंडीआधी द्यावा, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

४. मुलगा सात वर्षांचा असताना मी त्याला दप्तर शिवून दिले. त्याने ते वर्गातल्या मुलाला देऊन त्याचे दुकानातले घेतले. तेव्हापासून मी त्याला दुकानातलेच देत आले. ज्याला जे शोभते ते द्यावे. त्याने मला दिलेला मिक्सर खोक्यात सीलबंद आहे. तो त्याने परत न्यावा.

५. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते संपूर्णपणे खुडबुडीला. ती सज्ञान होईपर्यंत माझी मुलगी ते सांभाळील. मुलाला त्यात अर्धा वाटा मिळू शकतो. अट शेवटी लिहिली आहे.

साक्षीदार:
१) शेजारीण, निवृत्त ग्रंथपाल (सही)
२) कोपऱ्यावरचा शिंपी (सही). हा माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, साहेब म्हणाले मजबूत करा. मला वाटलं, तुमचाच निरोप." त्याला माफ केले आहे.

लिहून ठेवणारी: (सही)
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ३१ मार्च २०२५

अट: मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे की खुडबुडीने काही मोडले नव्हते, आणि ती दर शनिवारी इथे येईल. कागद आधी तिला वाचून दाखवावा आणि तशी तिची सही त्यावर हवी. फोन चालणार नाही. उत्तर शनिवार, १२ एप्रिल, सकाळी दहाच्या आत पोचावे. नाही पोचले तर अर्ध्या वाट्याचे वाक्य मी साक्षीदारांसमोर खोडणार आहे. उत्तर खुडबुडीनेच आणावे, सोबत बाहुली. मशीनची दुहेरी शिवण उसवायला अख्खी सकाळ जाते, म्हणून उशीर करू नये.